आयटीची डिग्री करताय? मग एकच अभ्यास दोनदा करू नका

इंदूरात आयटी घेतलेली बहुतेक पोरं चार वर्षं दोन अभ्यास करतात. एक कॉलेजचा, तो पेपरच्या आधल्या आठवड्यात पासिंग गाईडमधून उरकतो, आणि दुसरा "जॉबवाला", तो रात्री अकरानंतर यूट्यूबवर चालतो, दहा व्हिडिओ बघून सुटतो, मग दुसरी प्लेलिस्ट. दोन्हीकडे अर्धवट. माझं म्हणणं असं की हे दोन अभ्यास नाहीतच मुळी, सिलॅबसमधलंच जे आहे ते मशीनवर स्वतःच्या हाताने चालवून बघितलं की मार्क पण त्यातूनच येतात आणि इंटरव्ह्यूत बोलायला पण तेच लागतं. लोकमान्य नगरातली पोरं आणि आमच्या नात्यातली भावंडं दर जुलैत हेच विचारत येतात, "दादा कुठून सुरू करू", म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

ज्यांची अ‍ॅडमिशन अजून व्हायचीय त्यांच्यासाठी आधी दोन गोष्टी. बीटेक आयटीसाठी आपल्याकडे जेईई मेनच्या रँकवर मध्य प्रदेशच्या डीटीईचं (तंत्रशिक्षण संचालनालयाचं) काउन्सेलिंग असतं, त्यातून एसजीएसआयटीएस मिळू शकतं (१९५२चं कॉलेज, इंदूरात सगळे नुसतं जीएसआयटीएस म्हणतात), खंडवा रोडवरचं आयईटी (देवी अहिल्या विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज) मिळू शकतं, आणि मग भोपाळच्या आरजीपीव्हीला (राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठाला) जोडलेली ढीगभर प्रायव्हेट कॉलेजं आहेतच. जेईई नीट गेली नाही तर देवी अहिल्या विद्यापीठाच्या डिपार्टमेंटांत कॉम्प्युटर-आयटीचे कोर्स आहेत, तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा लागते. सीएस मिळालं नाही, आयटी मिळालं म्हणून तोंड पाडून बसणारे आणि त्याहून जास्त तोंड पाडणारे त्यांचे काका मी खूप पाहिलेत. दोन्हींच्या विषयांत फरक फार थोडा आहे, प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क सगळं दोघांना तेच, आणि कंपन्या फॉर्मवर सीएस/आयटी असा एकच रकाना ठेवतात. कॉलेज बघा, ब्रांचच्या नावावरून रडू नका.

पैशाचं पण बघून ठेवा कारण घरी कोणी सांगत नाही. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना म्हणून आहे, बारावीला एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के, आणि इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत, शिवाय घरच्या उत्पन्नाची मर्यादा असते, बसत असाल तर फी सरकार भरतं. दुसरं म्हणजे टीएफडब्ल्यू, प्रत्येक ब्रांचला ५ टक्के जागा ट्यूशन फी माफीच्या असतात, त्याला पण उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला आणि मूळ निवासी प्रमाणपत्र मे महिन्यातच काढून ठेवा, काउन्सेलिंगच्या आठवड्यात तहसीलला गर्दी बघवत नाही.

आता लॅपटॉप. पहिल्या वर्षी कॉलेज सुरू व्हायच्या आधी घेतलाच पाहिजे असं नाही, पण डिसेंबरपर्यंत हातात हवा. गेमिंगवाला नको, जड असतो, बॅटरी टिकत नाही आणि मग खरंच गेमिंगच होतं. १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, एवढं बघा, ८ जीबीत सी, जावा, डेटाबेस सगळं चालतं पण तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की मशीन कण्हायला लागतं. बजेट कमी असेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला जा, कंपन्यांचे वापरलेले बिझनेस लॅपटॉप मिळतात, त्यांचे कीबोर्ड नव्यापेक्षा बरे असतात कधीकधी, फक्त बॅटरी आणि रॅमची जागा वाढवता येते का ते दुकानात बसूनच बघून घ्या, घरी येऊन नाही. आणि लिनक्स टाका, ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. विंडोज काढायची नसेल तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल (आतल्या आत लिनक्स चालवायची सोय) सुरू करा, पण टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीची, भीती पहिल्या वर्षीच गेली पाहिजे.

पहिलं वर्ष सगळ्या ब्रांचला जवळपास सारखं, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर), आयटीवाल्याला वाटतं मी इथे काय करतोय. गणित सोडू नका, पुढे मशीन लर्निंगला मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी परत येतातच, आणि एम-टूची बॅक घेऊन तिसऱ्या वर्षी ज्युनिअरांच्या मागच्या बाकावर बसलेले भिया प्रत्येक कॉलेजात दिसतात. पण खरा जीव लावायचा तो सी मध्ये. लोक म्हणतात सी जुनी झाली, १९७२ची भाषा, थेट पायथन करा. करा ना, पायथन पण करा, पण सी मध्ये मशीन आत काय करतं ते दिसतं, पायथन ते झाकून ठेवतं.

एक करून बघा. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्राम सगळ्यांच्या प्रॅक्टिकल फाइलमध्ये असतो, सगळे ५चं उत्तर १२० काढून सही घेतात आणि विसरतात. तुम्ही १२ टाका, ४७,९०,०१,६०० येईल, बरोबर आहे. मग १३ टाका. साध्या इंटमध्ये (पूर्ण आकडा ठेवायचा सी मधला नेहमीचा डेटा टाइप) १,९३,२०,५३,५०४ दिसेल आणि ते साफ चुकीचं आहे, खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. का? कारण चार बाइटच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावतच नाही, वरचे बिट कापले जातात, जे उरतं ते छापलं जातं, आणि कंपायलर एका शब्दाने बोलत नाही. आता इंट काढून लाँग लाँग (आठ बाइटचा मोठा टाइप) लावा आणि बघा कुठपर्यंत जातं, २० पर्यंत जातं, २१ला परत गडबड. अर्ध्या तासाचा खेळ आहे हा, पण डेटा टाइप, ओव्हरफ्लो, बिट्स, सगळं एकदम डोक्यात बसतं आणि वायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, "इंटची रेंज किती" विचारलं की पाठ केलेलं आठवत बसावं लागत नाही. चालवून बघा म्हणतो ते हेच. पुस्तकातला प्रोग्राम उतरवायचा आणि मग तो मोडायचा, इनपुट बदलायचं, शून्य द्यायचं, निगेटिव्ह द्यायचं, अ‍ॅरेच्या बाहेर लिहायचं, सेगमेंटेशन फॉल्ट आणायचा मुद्दाम.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर येतं आणि इथे वर्ग सरळ दोन तुकड्यांत फुटतो. एक ते ज्यांना लिंक्ड लिस्ट कागदावर काढता येते, आणि एक ते ज्यांना लिहिता येते. बबल सॉर्ट घ्या, आकडे क्रमाने लावायची साधी पद्धत. १०,००० आकड्यांवर चालवा आणि वेळ मोजा, जवळपास ५ कोटी तुलना होतात, तरी पटकन संपेल. मग १ लाख आकडे द्या. डेटा दहापट झाला, वेळ शंभरपट, कारण तुलना आता ५०० कोटी झाल्या. चहा घेऊन या तोवर. आणि मग त्याच १ लाखावर मर्ज सॉर्ट चालवा, डोळ्याची पापणी लवायच्या आत. एन स्क्वेअर आणि एन लॉग एन (एन म्हणजे आकडे किती ते) मधला फरक फळ्यावर आलेख काढून कधी कळत नाही, हा असा कळतो. बायनरी सर्चचं पण तेच, १० लाख नावांच्या सॉर्ट केलेल्या यादीत जास्तीत जास्त २० तुलनांत सापडतं, मोजायला एक काउंटर लावा कोडमध्ये.

डीबीएमएसवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आयटीच्या नोकरीत रोज हाताला हेच लागतं, कुठलीही कंपनी असो, शेवटी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येतं का विचारतातच. १९७०मध्ये कॉड नावाच्या आयबीएमच्या माणसाने रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं आणि आजही तेच चालतंय. नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा लिहावी लागू नये म्हणून टेबलं वेगळी करणं) हा त्यातला असा टॉपिक की सगळे पाठ करतात, फर्स्ट नॉर्मल फॉर्म, सेकंड, थर्ड, बीसीएनएफ, आणि स्वतःचं टेबल समोर ठेवलं की हात थांबतो. पुस्तकात स्टुडंट-कोर्स-टीचर तेच तेच उदाहरण असतं. आपलं घ्या. रामबागेत किंवा तुमच्या कॉलनीत गणपतीत मुलांच्या स्पर्धा होतात, रांगोळी, पाठांतर, चित्रकला, आणि मंडळाचा एक काका एक्सेलमध्ये सगळं एकाच शीटवर भरतो: मुलाचा नंबर, मुलाचं नाव, पत्ता, फोन, स्पर्धेचा नंबर, स्पर्धेचं नाव, तारीख, परीक्षक, परीक्षकांचा फोन, गुण.

ते शीट मागून घ्या, खरंच, काकांना आनंदच होईल. आधी फोनच्या रकान्यात बघा, आईचा आणि बाबांचा दोन्ही नंबर एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन भरलेले असणार. तिथे फर्स्ट नॉर्मल फॉर्म तुटला, एका खान्यात एकच गोष्ट हवी. मग बघा की एका ओळीची ओळख कशाने पटते, मुलाचा नंबर आणि स्पर्धेचा नंबर मिळून, कारण एकच मुलगी रांगोळीत पण आहे आणि पाठांतरात पण. गुण या दोन्हींवर अवलंबून आहेत, ठीक. पण मुलीचं नाव आणि पत्ता नुसत्या मुलीच्या नंबरवर अवलंबून आहे, स्पर्धेशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून ती चार स्पर्धांत असेल तर पत्ता चारदा लिहिलाय, आणि घर बदललं की तीन जागी बदलतो आणि चौथ्या जागी राहतो. हा सेकंड नॉर्मल फॉर्मचा प्रश्न. मुलांचं टेबल वेगळं करा, स्पर्धांचं वेगळं करा, आणि मधे कोण कशात आहे आणि किती गुण एवढंच ठेवा. आता स्पर्धांच्या टेबलात परीक्षकांचा फोन बघा, तो स्पर्धेवर अवलंबून नाही, परीक्षकावर आहे, आणि परीक्षक स्पर्धेवर. त्याच जोशी काकू रांगोळी पण बघतात आणि चित्रकला पण, त्यांचा नंबर दोनदा. परीक्षकांचं टेबल वेगळं केलं की थर्ड नॉर्मल फॉर्म झाला. शिवाय आधीच्या शीटमध्ये ज्या स्पर्धेत अजून कोणीच नाव दिलेलं नाही ती लिहायलाच जागा नव्हती, त्याला पुस्तक इन्सर्शन अ‍ॅनॉमली म्हणतं, आणि स्पर्धेतल्या एकुलत्या एक मुलाने नाव मागे घेतलं की ओळीबरोबर स्पर्धाच गायब, ती डिलीशन.

मग हीच चार टेबलं मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बनवा, प्रायमरी की (ओळीची ओळख), फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोड) लावून, ३०-४० ओळी भरा आणि प्रश्न विचारा. प्रत्येक स्पर्धेत पहिला कोण? एकाही स्पर्धेत नसलेली मुलं कोणती (इथे लेफ्ट जॉइन लागतो आणि इथेच सगळे अडकतात)? दोनपेक्षा जास्त स्पर्धांत असलेली मुलं (ग्रुप बाय आणि हॅविंग)? जोशी काकूंनी दिलेल्या गुणांची सरासरी बाकीच्यांपेक्षा कमी आहे का? हा शेवटचा मंडळाच्या मीटिंगमध्ये सांगू नका. हे चार प्रश्न स्वतः लिहिता आले तर डीबीएमएसचा अर्धा पेपर झाला आणि फ्रेशरच्या एसक्यूएल राउंडची तयारी पण.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पेज रिप्लेसमेंटचं (मेमरी भरली की कुठलं पान बाहेर काढायचं) गणित जवळजवळ दर पेपरात येतं, आणि त्यात एक मजा आहे जी बरेच सर घाईत सोडून देतात. एफआयएफओने (जे पान आधी आलं ते आधी बाहेर) पानांची ही रांग सोडवा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. तीन फ्रेम (मेमरीतल्या जागा) घेतल्या तर ९ पेज फॉल्ट येतात, म्हणजे हवं ते पान ९ वेळा मेमरीत नसतं. चार फ्रेम घेतल्या तर १०. मेमरी वाढवली आणि काम वाढलं! याला बेलाडीची अ‍ॅनॉमली म्हणतात, १९६९मध्ये दाखवलेली. कागदावर दोन्ही करा, मग पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहा जो फ्रेमची संख्या बदलून फॉल्ट मोजेल, मग त्याच प्रोग्राममध्ये एलआरयू (सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं पान बाहेर) लावा, तिथे असं कधीच होत नाही, आणि का होत नाही हा प्रश्न चांगल्या एक्स्टर्नलचा आवडता असतो. डेडलॉकच्या चार अटी पाठच करायच्या, तिथे मी काही वेगळं सांगणार नाही.

नेटवर्कला सात लेयरची नावं रटून मार्क मिळतात पण सबनेटिंग (एका नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं) आलं नाही तर काही आलं नाही. कॉलेजात चार लॅब आहेत, प्रत्येकीत ५० मशीन, नेटवर्क १९२.१६८.१.० आणि /२४, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांतले पहिले २४ नेटवर्कचे. २५६ पत्ते आहेत, चार तुकडे करायचे, प्रत्येकी ६४, म्हणजे /२६. त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, वापरायला ६२, पन्नास मशीन आरामात बसतात. तुकडे ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू. मग १०० नंबरचं मशीन कुठल्या लॅबचं? दुसऱ्या, कारण ते ६४ ते १२७ मध्ये येतं. असे दहा प्रश्न स्वतः बनवून सोडवले की हात बसतो. पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, त्यात ह्याच चार लॅब जोडून पिंग करा. आणि एकदा वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून स्वतःच्या लॅपटॉपचा ट्रॅफिक बघा, फक्त स्वतःचा, हॉस्टेलच्या वायफायवर दुसऱ्याचा बघायला गेलात तर तो अभ्यास नाही, गुन्हा आहे.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग वगैरे विषय आहेत, ते वाचून होतात. तिथे वेळ घालवू नका.

आता पेपर. आरजीपीव्हीच्या कॉलेजात असाल तर थिअरीचा पेपर ७० मार्कांचा, तीन तास, आठ प्रश्नांतले कुठलेही पाच, म्हणजे एका प्रश्नाला १४ मार्क आणि ३६ मिनिटं. एसजीएसआयटीएस ऑटोनॉमस आहे (स्वतःची परीक्षा स्वतः घेतं) आणि आयईटीची परीक्षा देवी अहिल्याची, त्यांची पद्धत वेगळी, तुमच्या सीनिअरकडून मागच्या वर्षांचे पेपर घ्या. पण कुठेही असा, काम तेच, सेम सुरू होतानाच मागचे पेपर समोर ठेवा आणि युनिटवार प्रश्न वेगळे करा, दीड तासात होतं. कळतं की डीबीएमएसच्या पाच युनिटांतून काय फिरून फिरून येतं. एखादं युनिट हलकं घेतलं तर चालून जातं, दोन सोडलीत तर आठातले पाच निवडायचे म्हणजे नशिबाचा खेळ. उत्तरात आकृती, छोटं उदाहरण, आणि जिथे जमेल तिथे चार ओळी कोड किंवा क्वेरी टाका. ज्याने मशीनवर केलंय त्याचं उदाहरण स्वतःचं असतं, गाईडमधलं नाही, आणि तीनशे कॉप्यांत तेच "स्टुडंट-कोर्स" वाचून कंटाळलेल्या परीक्षकाला ते दिसतं. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, साधी छोटी वाक्यं लिहा. आपल्या पोरांचं घरी मराठी, बाहेर इंदोरी हिंदी आणि पुस्तक इंग्रजी, त्यामुळे समजलेलं पण लिहिताना अडतं, त्याला एकच उपाय, दर युनिटनंतर एक उत्तर वेळ लावून पूर्ण लिहायचं, हाताने, पेनने. नुसतं वाचून कोणाचं इंग्रजी सुधारलेलं मला माहीत नाही.

एमएसटीला (मिड-सेम टेस्टला) फालतू समजू नका, मिड-सेम आणि असाइनमेंटचे मिळून ३० मार्क तिथेच असतात आणि ते सगळ्यात सोपे मार्क आहेत. अटेंडन्स ७५ टक्के ठेवा, नंतर सरांच्या मागे मेडिकल सर्टिफिकेट घेऊन फिरण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात लेक्चर झालं असतं.

प्रॅक्टिकल फाइल हा वेगळाच विनोद आहे. सगळा वर्ग एकाची फाइल उतरवतो, त्या एकाने मागच्या बॅचची उतरवलेली असते, आणि कोडमधली चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, एका कॉलेजात मी सेमिकोलन नसलेला तोच प्रोग्राम भाऊ आणि बहीण दोघांच्या फाइलीत पाहिलाय, मधे चार वर्षांचं अंतर. आता त्यात चॅटजीपीटी आलंय. वापरा, मी पण रोज वापरतो, पण क्रम उलटा करा. आधी स्वतः अर्धा तास झगडा, एरर वाचा, पूर्ण वाचा, शेवटची ओळ पण, मग विचारा, आणि "कोड दे" नाही, "माझ्या कोडमध्ये चूक कुठे आहे, उत्तर देऊ नको, इशारा दे" असं विचारा. वायवात एक्स्टर्नलला कळतंच, तो फक्त म्हणतो "बेटा ही ओळ काढली तर काय होईल" आणि ज्याने लिहिलं नाही तो छताकडे बघतो.

अभ्यास कुठे करायचा हा प्रश्न बाहेरून आलेल्यांना पडतो. भंवरकुआंकडे महिन्याच्या फीवर बसायच्या लायब्रऱ्या गल्लोगल्ली आहेत, एमपीपीएससीवाल्यांनी भरलेल्या, शांत असतात, पण आयटीवाल्याला चार्जिंगचा पॉइंट आणि बरं वायफाय हवं, ते बघून सीट घ्या आणि पैसे भरायच्या आधी एक दिवस बसून बघा. घरी राहणाऱ्यांची अडचण वेगळी, आई म्हणते लॅपटॉपवर आहे म्हणजे टाइमपास करतोय, तिला एकदा दाखवा काय करताय ते, मंडळाचं स्पर्धांचं टेबल दाखवलं तर लगेच पटेल. पुस्तकं नवी घ्यायची गरज नाही, खजुरी बाजारात जुनी मिळतात, आधीच्या मालकाने महत्त्वाचं अंडरलाइन केलेली, कधीकधी चुकीचं अंडरलाइन केलेली. रोज किती तास, असं कोणी विचारलं तर मी सांगत नाही, पण रोज एक तास तरी टर्मिनल उघडं पाहिजे, रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर सुद्धा.

एखादा विषय कॉलेजात नीट शिकवलाच नाही तर एनपीटीईएल आहे, आयआयटी आणि आयआयएससीच्या प्रोफेसरांचे कोर्स, जानेवारी आणि जुलैला सुरू होतात, बघायला फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ असं गणित असतं, आठ आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या सहा असाइनमेंट धरतात. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात, दोन्हीकडे. जो विषय या सेमला आहे त्याचाच कोर्स घ्या, म्हणजे परत तो एकच अभ्यास. पाचव्या सेमला डीबीएमएस चालू असताना सातव्याच्या क्लाउडचा कोर्स घेणारे आठव्या दिवशी सोडतात.

प्रोजेक्ट विकत घेऊ नका. इंदूरात तयार मायनर-मेजर प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकणारे आहेत, सगळ्यांना माहीत आहे, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, अटेंडन्स सिस्टिम, नाव बदलून मिळते. त्याऐवजी असं काहीतरी करा ज्याचा वापर करणारा एक तरी खरा माणूस तुमच्या ओळखीचा असेल. कॉलनीतल्या मराठी वाचनालयाची पुस्तकांची देवघेव, मेसचा महिन्याचा हिशोब, त्या काकांचं स्पर्धांचं शीट. छोटं चालेल. खरा माणूस वापरतो तेव्हाच कळतं की त्याने तारखेच्या जागी "काल" असं टाइप केलं तर काय करायचं. गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) पहिल्या दिवसापासून वापरा, रोजचं काम रोज कमिट, चार महिन्यांनी तो इतिहासच तुमचा पुरावा असतो की हे तुम्ही केलंय, आणि गिटहबवर विद्यार्थ्यांसाठी बरंच काही फुकट आहे, कॉलेजच्या मेल आयडीने घ्या.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नोकरी का गेट (एमटेकसाठीची परीक्षा), हे ठरवायला लागतं. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस आहेत, खंडवा रोडच्या बाजूला क्रिस्टल आयटी पार्क आहे, पण पहिली पोस्टिंग इंदूरात मिळेल असं धरून चालू नका, घरच्यांना पण आधीच सांगा. मोठ्या भरतीत आधी अ‍ॅप्टिट्यूड, मग कोडिंग, मग इंटरव्ह्यू. अ‍ॅप्टिट्यूडला सातवं सेम उजाडेपर्यंत थांबू नका, रोज पंधरा मिनिटं, वेळ-काम-अंतर, बस. इंटरव्ह्यूत विचारतात ते वरचंच सगळं, तुझ्या प्रोजेक्टमध्ये किती टेबलं, ही की का, इथे लिस्ट का वापरली.

गेट द्यायची असेल तर आयटीला वेगळा पेपर नाही, सीएसचाच द्यायचा, ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास, त्यातले १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. ऑप्शनवाल्या प्रश्नांत चुकलं की निगेटिव्ह आहे, पण आकडा टाइप करायच्या आणि एकापेक्षा जास्त बरोबर असणाऱ्या प्रश्नांत नाही, म्हणून ते कधी कोरे सोडायचे नाहीत. तिसऱ्या वर्षीच देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे तेव्हा एकदा देऊन बघा, नुसता अंदाज येतो आणि चौथ्या वर्षी दुसरा प्रयत्न हातात राहतो. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतो, म्हणजे नेमका गणपतीच्या धामधुमीत, तेव्हा फोटो आणि सही स्कॅन करून आधीच लॅपटॉपवर ठेवा.